सावलीतली उघडी जमीन झाकायची आहे, फुलांसकट

कुदळफावडं
घरामागे एक लांबट पट्टी आहे. एका टोकाला जुनं, पसरलेलं आंब्याचं झाड, दुसऱ्या टोकाला शेजारच्या इमारतीची उंच भिंत आणि मधे थोडी मोकळी जागा. लॉन तिथे धरत नाही. आधी पिवळं पडतं, मग विरळ होतं, शेवटी माती उघडी पडते. पावसात चिखल, उन्हाळ्यात धूळ. फरशी घालायची नाही, हे घरात ठरलेलं आहे. कुंड्यांची आरासही नको. जमिनीलगत पसरणारं, माती झाकणारं आणि वर्षातून काही महिने तरी फुलणारं असं काहीतरी हवंय.

याद्या भरपूर वाचल्या. प्रत्येक यादीत प्रत्येक झाडापुढे 'ऊन ते अर्धसावली' लिहिलेलं. अर्धसावली म्हणजे नक्की किती, हे कुणी सांगत नाही. ज्यांनी स्वतः लावून बघितलंय त्यांनी लिहा. काय मेलं तेही लिहा, ते जास्त उपयोगाचं.

निवांत
ऑफिस टाइम लाव बिनधास्त. पाणी कमी, रंगच रंग, काडी खोचली की झालं.

शेंदरी
@निवांत, अहो, सावली म्हणतायत ते! ऑफिस टाइमच्या कळ्या ऊन तापल्याशिवाय उघडत नाहीत, ढगाळ दिवशीसुद्धा मिटून बसतात. भिंतीच्या सावलीत नुसत्या लांबुडक्या काड्या दिसतील.

निवांत
बरं. मी आता गुमान वाचतो.

मातीतला
झाडाचं नाव शोधण्याआधी सावली कसली आहे ते बघा. तुमच्या एकाच पट्टीत दोन वेगळ्या सावल्या आहेत. दोन्हीकडे एकच झाड लावलंत तर एका टोकाला ते हमखास रुसणार.

भिंतीच्या सावलीत थेट ऊन नसतं, पण डोक्यावर आकाश मोकळं असतं. त्या आकाशाचा पसरट उजेड दिवसभर मिळतो आणि झाडाला लागणारे लाल-निळे किरण त्यात असतात. झाडाखालची सावली तशी नाही. वरची पानं लाल आणि निळा प्रकाश आधीच शोषून घेतात. खाली झिरपतो तो थोडा हिरवा आणि बराचसा लालच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश. झाडात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते साधा लाल आणि हा पलीकडचा लाल यांचं प्रमाण जोखतं. साधा लाल कमी पडला की झाडाला कळतं की आपल्यावर कुणीतरी उभं आहे. मग मुळात उन्हातली असलेली झाडं पेरं लांबवतात, वर जायला बघतात, बगलेतून फुटवे कमी काढतात. जमीन झाकायला नेमके ते बगलेतले फुटवेच हवे असतात. म्हणून डोळ्यांना दोन्ही टोकांना सारखाच काळोख वाटला, तरी भिंतीशी गच्च पसरलेलं झाड आंब्याखाली उंच आणि हडकुळं होतं.

दुसरं म्हणजे पाणी. भिंतीशी माती उशिरा वाळते. आंब्याखाली उलट, हलका पाऊस वरच्या पानांवरच अडकून उडून जातो आणि जो खाली पोचतो त्यावर आंब्याच्या मुळांचा पहिला हक्क. 'सावली आहे म्हणजे ओलावा असेल' हा समज झाडाखाली खोटा ठरतो. सावलीतली झाडं उजेडाअभावी मेली असं आपण म्हणतो, त्यातली कितीतरी तहानेने गेलेली असतात.

सावली किती आहे ते बघायला यंत्र नको. दुपारी बाराच्या सुमारास जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. हाताच्या सावलीच्या कडा रेखीव असल्या तर उजेड भरपूर. कडा धूसर, पण हात आहे हे कळतंय, तर मध्यम. सावली पडतच नाही किंवा नुसता मळकट डाग दिसतो, तर गडद सावली. उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा बघा, कारण हिवाळ्यात सूर्य खालून जातो आणि सावल्या सरकतात.

गडद सावलीत मी फुलांची आशा धरत नाही. तिथे पानांचा रंग घ्यायचा, फूल आलं तर वरकड. हे कुणाला पटो न पटो.

कुदळफावडं
कागदाचा प्रयोग केला. आंब्याच्या बुंध्याशी सावली पडतच नाही. घेराच्या कडेला ठिपक्याठिपक्यांचं ऊन आहे, तिथे हात ओळखू येतो. भिंतीशी धूसर कडा. मधल्या जागेत सकाळी साधारण दोन तास थेट ऊन, मग दिवसभर नुसता उजेड. माती तुम्ही म्हणता तशीच निघाली : आंब्याखाली खुरपं टणकन आपटतं आणि भिंतीशी हिरवट शेवाळ आहे.

मातीतला
शेवाळ म्हणजे तिथे माती दबलेली आहे आणि निचरा बरा नाही. लावणीआधी काट्याने उकरून पालापाचोळ्याचं खत मिसळा. नुसतं शेवाळ खरवडून काढलंत तर परत येईल.

अनुजा_ग
भिंतीसाठी माझं मत एपिशियाला. तांबूस-चंदेरी, मखमली पानं आणि मधूनमधून लालभडक छोटी फुलं. तिला थेट ऊन सोसतच नाही, पानांवर करपलेले डाग पडतात, त्यामुळे भिंतीची सावली तिच्यासाठीच आहे असं समजा. ती धावती खोडं सोडते. प्रत्येक धाग्याच्या टोकाला पानांचं एक झुबकं, ते ओल्या मातीला टेकलं की खालून मुळं. एकदा जम बसला की दोन बोटं जागा शिल्लक ठेवत नाही.

तिचे दोन नखरे आहेत. थंडी चालत नाही. पारा १५ अंशांच्या खाली राहू लागला की पानं काळवंडतात आणि मान टाकते. आणि गार पाणी पानांवर पडलं की फिकट चट्टे उठतात, ते पुन्हा जात नाहीत. पाणी बुडाशी द्यायचं, नळाचं असेल तर थोडा वेळ बादलीत ठेवून.

मधल्या जागेत टोरेनिया. जांभळी-निळी, घशात पिवळा ठिपका असलेली फुलं. हंगामी आहे, पण बी पडून आपोआप उगवत राहते. फूल जरा जवळून बघा : पुंकेसरांची एक जोडी समोरासमोर वाकून टोकाला चिकटलेली असते, छोटी कमान झालेली. तिच्याजवळ स्त्रीकेसराचं टोक दोन पात्यांत उघडलेलं दिसतं. गवताच्या बारीक काडीने त्याला हलकं शिवा, बघता बघता दोन्ही पाती एकमेकींवर मिटतात. मधमाशी आत शिरताना नेमकं हेच होतं. माझी भाची हा खेळ करून करून अर्धा वाफा मिटवून ठेवते.

शेंदरी
+१ टोरेनियाला. पण मला कळत नाही, अबोलीचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही! जमिनीलगत पसरत नाही हे मान्य, गुडघ्याएवढी होते, पण जवळजवळ लावून शेंडे खुडत राहिलं तर छान दाट गादी तयार होते. सकाळचं दोन तास ऊन तिला पुरतं. भर दुपारचं ऊन नसलं तर फुलांचा शेंदरी रंग उलट जास्त टिकतो असं माझं निरीक्षण आहे.

रोपं विकत घ्यायची गरज नाही. वाळलेली कणसं झाडावरच राहू द्या. पाणी लागलं की बोंडं फटाफट फुटतात आणि बी दूरवर उडतं. गंमत बघायची असेल तर चारदोन सुकी बोंडं तळहातावर घेऊन वर पाण्याचा थेंब सोडा आणि डोळे जपा.

हिरवीगार
एवढा विचार कशाला? पिवळी वेडेलिया लावा. माझ्याकडे कुंपणाखाली आहे, खत नाही, पाणी नाही, बारा महिने हिरवी आणि पिवळी फुलं. सावलीत फुलं कमी येतात इतकंच.

दशपर्णी
नको नको नको. वेडेलिया, म्हणजे स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने केलेल्या जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, त्यामुळे उपटताना तुटलेला बोटभर तुकडासुद्धा नवीन झाड होतो. छाटलेला कचरा ओढ्याकाठी टाकला की ती ओढा धरून पुढे जाते. खाली दुसरं काही उगवू देत नाही. 'खत नाही, पाणी नाही' हा गुण तुम्हाला वाटतो, तोच दोष आहे.

हिरवीगार
माझी तर कुंपणातच आहे, कुठे पळाली नाही.

दशपर्णी
कुंपणातून तिला तुम्ही बाहेर जाताना पाहिलं नसेल. कचरा कुठे जातो तुमचा?

हिरवीगार
मुद्दा बरोबर आहे, पण सूर जरा खाली घ्या. कचरा मी वाळवून जाळते.

मातीतला
जाळू नका हो, पाण्यात पूर्ण कुजवा आणि मग खतात घाला. बाकी दशपर्णींशी सहमत. तीच पिवळी फुलं हवी असतील तर शोभेचा भुईमूग लावा, नर्सरीत 'अरॅकिस' म्हणून मिळतो. शेंगांच्या भुईमुगाचाच भाऊबंद. पानं तशीच चारचारच्या जोडीने, फुलंही तशीच पिवळी, पण खोडं जमिनीवर सरपटतात. शेंगवर्गीय असल्यामुळे मुळांवर गाठी असतात आणि हवेतला नत्र मातीत येतो. मळ्यांमध्ये मोठ्या झाडांखाली मुद्दाम लावतात तो याचसाठी. भर उन्हात फुलं जास्त, पण ठिपक्यांच्या उन्हातही बऱ्यापैकी येतात. बुंध्याशी, गडद सावलीत, नाही. अधूनमधून पाय पडला तरी चालतं, बाकी नाजूक मंडळींना ते चालत नाही.

कुदळफावडं
हे घेराच्या कडेला बसतंय मग. अरॅकिसला कीड वगैरे?

मातीतला
कोरड्या हवेत लाल कोळी येतो, पानं फिकट ठिपकेदार दिसतात. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. त्यापलीकडे फारसं काही करावं लागत नाही.

बर्फातला माळी
मी बर्फ पडणाऱ्या मुलुखात राहतो, त्यामुळे माझी यादी वेगळी, पण एक घोळ सांगायलाच हवा. थंड देशांतले लेख वाचून 'विंका सावलीत जमीन झाकते' असं ठरवू नका. ते लिहितात ती विंका मायनर, निळ्या फुलांची सरपटणारी वेल. आपली सदाफुली पूर्वी विंका रोझिया म्हणून ओळखली जायची, आता कॅथरँथस रोझियस. अनेक नर्सऱ्या अजूनही तिच्यावर विंकाचीच चिठ्ठी लावतात. सदाफुलीला टळटळीत ऊन लागतं, सावलीत आणि ओल्या मातीत ती बुडातून कुजते. लेख विंका मायनरचा आणि रोप सदाफुलीचं, असं झालं की सगळं मुसळ केरात.

इथे झाडाखालच्या कोरड्या सावलीत सगळ्यात चिवट एपिमेडियम. पसरायला वेळ लावते पण मोठ्या मुळांशी झगडून टिकते. भिंतीशी अजुगा, तिचे निळे तुरे वसंतात येतात. कॉन्व्हॅलेरिया, म्हणजे घंटांसारख्या पांढऱ्या सुवासिक फुलांची ती, पसरते झकास पण मुळापासून फळापर्यंत विषारी आहे. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर मी लावणार नाही.

आणि एक इशारा. सावली म्हटलं की सगळे बाल्सम, म्हणजे इंपेशन्स वॉलेरियाना, सुचवतात. २०११-१२ च्या सुमारास अमेरिकेत तिच्यावर केवडा या रोगाची (डाउनी मिल्ड्यू) मोठी साथ आली. पानांच्या पाठीवर पांढरी भुकटी, मग पानं गळून नुसत्या हिरव्या काड्या. याचे बीजाणू मातीत टिकून राहतात, त्यामुळे एकदा रोग आला की त्याच वाफ्यात पुढच्या हंगामी तीच लावू नये. न्यू गिनी इंपेशन्स या रोगाला दाद देत नाही.

अनुजा_ग
@बर्फातला माळी, विंकाचं फार बरं झालं लिहिलंत. माझ्या ओळखीत दोघांनी असंच सावलीत सदाफुली लावून 'माझ्या हाताला यशच नाही' म्हणून बागकाम सोडलंय.

दशपर्णी
परदेशी पाहुणे पुरे झाले, जंगलातल्यांची नावं घेतो. जंगलात जमीन सावलीतच असते आणि तिथे फुलणारी कितीतरी झाडं आहेत. फक्त ती बारा महिने दिसत नाहीत.

पहिला भुईचाफा. उन्हाळ्यात वर काहीही नसतं, नुसती कोरडी माती. पावसाआधी त्या मातीतूनच थेट फुलं येतात, पानाचा पत्ता नाही. पांढरं-जांभळं, सुगंधी, जमिनीला टेकलेलं फूल. फुलं संपत आली की पानं निघतात, वरून रुपेरी नक्षी आणि खालून जांभळट. पावसाळाभर तीच पानं जमीन झाकतात. थंडीत सगळं वाळून जातं. त्यावेळी तिथे पाणी घालत राहिलात तर गड्डे कुजतील, एवढंच पथ्य.

त्याचीच एक बहीण, केंफेरिया पुल्क्रा, मोरपिसासारख्या पानांची. तिची फुलं पानांबरोबरच येतात. एक फूल एकच दिवस टिकतं, पण दुसऱ्या दिवशी नवीन असतं, असं पावसाळाभर. गडद सावलीला इतकं शोभणारं दुसरं झाड मला माहीत नाही. @मातीतला यांच्या 'गडद सावलीत फुलांची आशा नको' या नियमाला हा माझा अपवाद.

काळी मुसळीही बघा. गवतासारखी पानं आणि अगदी मातीलगत पिवळ्या चांदण्या. दुरून काही दिसत नाही, वाकून बघणाऱ्यांसाठी आहे. आणि मागच्या रांगेला थोडी उंची हवी असेल तर दशमुळी, निळसर फुलांची.

मातीतला
अपवाद मान्य. पण पुल्क्राच्या फुलांनी जमीन भरलेली दिसत नाही, दिसतात ती पानंच. म्हणजे नियम थोडा जिवंत आहे. ;)

निवांत
गुमान वाचतोय, पण एक विचारू? माझ्याकडे सावलीत केना आपोआप उगवतो. निळी फुलं छान दिसतात. राहू दिला तर?

दशपर्णी
राहू द्या, पण वाफ्यात नको. केन्याची खोडी अशी की वरच्या निळ्या फुलांखेरीज तो मातीच्या आतही फुलं धरतो. ती कधीच उघडत नाहीत, मिटल्यामिटल्याच त्यांत बी तयार होतं. वरून उपटलात तरी खालची पेरणी होऊन गेलेली असते. एपिशियात घुसला की निवडून काढता काढता जीव जाईल.

निवांत
अरे बापरे. बाहेरून इतका साळसूद दिसतो.

पारावरचा
आंब्याखाली खुरपं चालत नाही ना? सोपं आहे. बुंध्याभोवती गोल कट्टा बांधा, दीड फूट चांगली लाल माती आणि शेणखत भरा, त्यात हवं ते लावा. आमच्या वाड्यात असाच आहे.

मातीतला
हे कृपया करू नका. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात आणि त्यांना हवा लागते. वर दीड फूट माती चढवली की ती गुदमरतात. शिवाय बुंध्याची साल मातीखाली गेली की ओल धरून कुजते. झाड लगेच मरत नाही, काही वर्षं हळूहळू शेंड्याकडून वाळत येतं, आणि तोवर कट्ट्याचा संबंध कुणाच्या डोक्यातही राहत नाही.

पारावरचा
आमचं झाड ठणठणीत आहे.

मातीतला
असेल. जुनी, तगडी झाडं सोसतात, किंवा कट्ट्यातली माती आता खाली बसून विरळ झाली असेल. पण दुसऱ्याला सांगताना मी तरी ते सांगणार नाही.

कुदळफावडं
मग खुरपं चालत नाही तिथे करायचं काय?

मातीतला
सगळी जमीन खणायचीच नाही. मुळांच्या मधे जिथे खुरपं आत जातं तिथे मुठीएवढे खिसे करा. अंगठ्याएवढं जाड मूळ लागलं की तिथून बाजूला व्हा, तोडू नका. खिशात गांडूळखत आणि माती अर्धीअर्धी घाला आणि लहान रोप लावा. मोठ्या पिशवीतलं रोप घेऊ नका, त्याला मोठा खड्डा लागतो आणि त्या खड्ड्यात मुळं तुटतात. वर दोन-तीन बोटं पालापाचोळा पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब.

आणि पहिल्या पावसाळ्यापासून पुढचा उन्हाळा संपेपर्यंत पाणी चुकवायचं नाही. सावली आहे म्हणून लोक इथेच ढिलाई करतात. बोट पेराभर मातीत घालून बघा, कोरडं लागलं तर द्या. भिंतीशी मात्र हेच बोट ओलं निघेल, तिथे हात आवरा.

अजून एक, आंब्याच्या अगदी खालच्या आडव्या फांद्या असतील तर एकदोन उतरवून घ्या. तिरपं ऊन आत येतं आणि घेराच्या कडेचा सगळा उजेड बदलतो. शेंडा छाटण्यापेक्षा हे झाडाला कमी त्रासाचं आणि खाली जास्त उपयोगाचं.

हिरवीगार
रोपं किती लागतील याचा हिशेब कसा करायचा? मी नेहमी एकतर कमी आणते नाहीतर भाराभर.

अनुजा_ग
सरळ ओळीत फूटभर अंतरावर लावली तर चौरस मीटरला साधारण ११ लागतात. आड-आड रांगेत, म्हणजे पुढच्या ओळीतलं रोप मागच्या दोन रोपांच्या मधोमध, असं लावलं तर १२-१३ बसतात आणि जमीन लवकर मिटते. वीतभर अंतर ठेवलंत तर हाच आकडा जवळजवळ दुप्पट होतो. एपिशिया आणि अरॅकिससारख्या धावणाऱ्यांना फूटभर पुरे. गड्ड्यांना आणि टोरेनियाला वीतभर.

पैसे वाचवायचे असतील तर सगळी रोपं एकदम आणू नका. थोडी आणून एका कोपऱ्यात वाढवा, पुढच्या पावसाळ्यात त्यांच्याच काड्या करा.

शेंदरी
लावणीआधी लव्हाळा साफ करा, हे राहिलं. वरून उपटून उपयोग नाही, खालचे काळे गड्डे काढले पाहिजेत. एकदा वर झाडं पसरली की त्यातून लव्हाळा काढणं म्हणजे शिक्षा. गडद सावलीत त्याचा जोर कमी असतो, पण तुमच्या मधल्या जागेत नक्की येणार.

आणि मला पालापाचोळ्याबद्दल वेगळं म्हणायचंय. आंब्याची पानं चिवट असतात, लवकर कुजत नाहीत. एपिशियासारख्या बुटक्या झाडावर पानांचा थर बसला की ती खाली काळी पडते. मी दर आठवड्याला झाडून काढते.

मातीतला
झाडून काढा, पण बाहेर फेकू नका. चुरून परत पसरा. दरवर्षी पानं उचलत राहिलात तर झाडाचं खत तुम्हीच उचलून नेताय.

शेंदरी
चुरायला वेळ कुणाला आहे! माझ्याकडे खतात जातात ती, तिथून वर्षाने परत येतात. तेही चालेल ना?

मातीतला
चालेल की. उत्तम.

कुदळफावडं
गोगलगायींचं काय करता तुम्ही सगळे? भिंतीशी आत्ताच दिसतायत.

अनुजा_ग
रात्री बॅटरी घेऊन वेचणं. याला पर्याय मला सापडला नाही. संध्याकाळी एक ओलं गोणपाट वाफ्याशेजारी टाकून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या मिळतात. अंड्याची टरफलं, राख वगैरे पाऊस आला की निरुपयोगी. गोळ्या आणायच्याच असतील तर पाकिटावर मेटाल्डिहाइड आहे का ते वाचा. ते कुत्र्यांसाठी घातक आहे आणि त्या गोळ्या कुत्री आवडीने खातात. आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या त्या मानाने सुरक्षित.

पाणी संध्याकाळऐवजी सकाळी द्या. रात्रभर जमीन ओली नसली की त्यांचा वावर बराच कमी होतो, आणि बुरशीही.

बर्फातला माळी
खताबद्दल एक. सावलीतल्या झाडांची वाढ सावकाश असते, त्यांना उन्हातल्यांइतकं खत लागत नाही. नत्राचा मारा केला की पानं लुसलुशीत होतात, फुलं गायब होतात आणि गोगलगायींची चंगळ. वर्षातून एकदा कुजलेलं शेणखत, बास.

कुदळफावडं
सगळ्यांचे आभार. आत्ता असं ठरवलंय : बुंध्याजवळच्या खिशांत केंफेरिया पुल्क्रा आणि भुईचाफा, घेराच्या कडेला अरॅकिस, भिंतीशी एपिशिया, मधे अबोली आणि तिच्या पायाशी टोरेनिया. पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करतो.

दोन शंका. थंडीत पुल्क्रा आणि भुईचाफा दोन्ही झोपणार, म्हणजे बुंध्याशी पुन्हा उघडी माती. तिथे जोडीला काय? आणि एपिशियाच्या काड्या पाण्यात ठेवून मुळं काढू की थेट मातीत?

दशपर्णी
जोडीला हेमिग्राफिस. धातूसारखी चमक असलेली जांभळट पानं, छोटी पांढरी फुलं. मुळं वरच्यावर असतात त्यामुळे गड्ड्यांना त्रास होत नाही. फक्त एप्रिलच्या सुमारास गड्ड्यांच्या जागेवरून थोडी कापून बाजूला घ्या, नाहीतर भुईचाफ्याची फुलं तिच्याखालीच उमलतील आणि तुम्हाला कळणारही नाही. गड्ड्यांच्या जागी आत्ताच एकेक काडी रोवून खूण करून ठेवा, थंडीत खुरपं चालवताना कामाला येईल.

अनुजा_ग
थेट मातीत. झुबकं धाग्यापासून तोडूच नका. शेजारी ओल्या मातीवर टेकवा, वर एक छोटा खडा ठेवा. मुळं धरली की मग धागा कापा. पाण्यात काढलेली मुळं ठिसूळ असतात, लावताना निम्मी तुटतात.

कुदळफावडं
ठीक. खडेच खडे आहेत इथे, तेवढी एक गोष्ट मुबलक आहे.

निवांत
भुईचाफ्याचे गड्डे कुणाकडे जास्तीचे असतील तर मलाही सांगा. गुमान लावीन.